कोरडे भोक
(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लेखी पाठ)



ह्या व्यासपीठावर संतवाङ्मयापासून नाट्यसंगीतापर्यंत नानाविध विषयांवर विद्वानांची भाषणे झालेली आहेत. त्या पंगतीत आम्ही ॲल्युमिनिअमच्या पत्र्याला पाडावयाचे भोक घेऊन बसलो आहोत, हे पाहून काही मंडळींच्या चेहऱ्यावर स्मित उमटलेले दिसते. ते स्वाभाविक आहे. परंतु आपल्यापैकी कित्येकांची बिऱ्हाडे ह्या बंगलोर नगरीत आली ती कारखान्यांच्या भोंग्याच्या मागोमाग आली, आणि त्या कारखान्यांत जन्मभर जे काम चालले त्याचा मोठा हिस्सा भोके पाडण्याचाच होता, हे विसरून चालणार नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने १९४० च्या डिसेंबरात येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी केली. पुढे १९६४ साली तिचेच हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाले. विमान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पंख आणि एंजिन येते. कामगाराच्या डोळ्यांपुढे मात्र रिव्हेटांच्या रांगा येतात. बोइंग ७४७ ह्या विमानाचे सुमारे साठ लाख सुटे भाग सांगितले जातात आणि त्यांतील निम्मे नुसते जोडणीचे, म्हणजे रिव्हेट, बोल्ट इत्यादी असतात. प्रत्येकाला एक भोक, आणि तेही एकाहून अधिक पत्र्यांतून आरपार गेलेले. वाङ्मयात ह्याला छिद्र म्हणावे हे आम्हांस मान्य आहे. पण कारखान्यात त्याला भोकच म्हणतात, आणि आम्हीही तोच शब्द ठेवणार आहोत.

आता ॲल्युमिनिअम हा मऊ धातू, पोलादाचे ड्रिल त्याहून कितीतरी कठीण. मग त्यात ड्रिल झिजण्यासारखे काय आहे, असा प्रश्न कोणीही विचारील. भगिनीवर्गाला त्याचे उत्तर आमच्यापेक्षा लवकर सापडेल. कणीक लाकडापेक्षा मऊ असते म्हणून पोळी लाटणे सोपे होते काय? पिठी लावली नाही तर कणकेचा पापुद्रा लाटण्याला चिकटतो, आणि पुढची पोळी नेमकी तेथेच फाटते. ॲल्युमिनिअमचे अगदी तसेच आहे. धार धातूत शिरते तेव्हा तिच्या टोकाशी प्रचंड दाब आणि उष्णता निर्माण होते; नुकताच कापला गेलेला, हवा न लागलेला ताजा धातू धारेला घासतो आणि तिच्यावर चिकटून बसतो. थरावर थर चढत जातात आणि खऱ्या धारेच्या पुढे ॲल्युमिनिअमचीच एक खोटी, बोथट, वेडीवाकडी धार तयार होते. मग भोक कापते ती ही खोटी धार. ती मोठी झाली की तुटते. तिचा काही भाग भोकाच्या भिंतीला चोपडला जातो, काही भाग चिपेबरोबर बाहेर पडतो, आणि तुटताना ती मूळ धारेचे सूक्ष्म कण उपटून नेते. ड्रिल मऊ धातूत झिजते ते असे. घासून कमी, उपटून जास्त.

हे चिकटणे आवरण्यासाठीच शीतक वापरतात. आपल्या कारखान्यांत त्याला कोणी कूलंट म्हणतात, तर कोणी त्याच्या दुधाळ रंगामुळे साबणाचे पाणी. लहान कारखान्यांतून पूर्वी ॲल्युमिनिअमला घासलेटाचे चार थेंब देण्याची रीत होती व अजूनही ठिकठिकाणी आहे. रीत जुनी, परंतु शास्त्रशुद्ध. शीतकाची कामे तीन. धार व धातू यांच्यामध्ये निसरडा थर ठेवणे, उष्णता वाहून नेणे, आणि चिपा खाचांतून धुऊन काढणे. शीतक काढून घेतले की ही तिन्ही कामे कोणी करावयाची, हा आजच्या भाषणाचा खरा प्रश्न आहे.

मग ते काढून घ्यावयाचे कशासाठी? विमानाच्या जोडणीत तर त्याला इलाज नाही. दोनतीन पत्रे एकावर एक ठेवून त्यांतून एकदम भोक पाडतात. द्रव घातला तर तो पत्र्यांच्या फटीत ओढला जातो, वातीत तेल चढते तसा, आणि मग तेथे लावावयाचा सीलंट धरत नाही, रंग धरत नाही. शिवाय हवेवर चालणारे हातड्रिल डोक्यावर धरून विमानाच्या पोटाखाली उभा असलेला कामगार शीतकाची धार सोडणार कोठे? स्वत:च्या बाहीत! मोटारींच्या कारखान्यांत कारणे निराळी आहेत. जर्मन मोटार-उद्योगाने १९९० च्या दशकात हिशेब मांडले तेव्हा शीतकाची खरेदी, गाळणी, पंप आणि विल्हेवाट मिळून उत्पादनखर्चाचे ७ ते १७ टक्के त्यातच जातात, आणि प्रत्यक्ष हत्यारांवर मात्र २ ते ४ टक्केच खर्च होतात, असे दिसून आले. हत्यार वाचविण्यासाठी त्याच्या कितीतरी पट पैसा पाण्यात, अक्षरश: पाण्यात, जात होता.

आणखी एक कारण हिशेबाच्या वहीत बसत नाही. शीतकाच्या तुषारांचे धुके कामगाराच्या छातीत जाते. जुन्या, आंबलेल्या शीतकात जंतू वाढतात. कोपरापर्यंत हात त्यात बुडविणाऱ्यांच्या कातडीवर इसब उठते. ज्या गृहिणींनी वर्षानुवर्षे कारखान्याचे कपडे धुतले, त्यांना तो आंबूस वास ठाऊक आहे. आमच्या मते कोरड्या कामाची बाजू घ्यावयाची तर प्रथम ह्या कारणासाठी घ्यावी. बाकी कारणे नंतर.

असो. आता भोकाकडे वळू. ड्रिलची रचना मोठी विचित्र आहे. मोर्स ह्या अमेरिकन गृहस्थाने १८६३ साली पिळाच्या ड्रिलचे पेटंट घेतले, आणि आजचे ड्रिल त्याच घाटाचे आहे. त्याच्या बाहेरच्या कडेचा वेग सर्वांत अधिक असतो, आत यावे तसतसा कमी होतो, आणि बरोबर मध्यावर शून्य होतो. म्हणजे मध्यभागी ड्रिल कापतच नाही, धातू दाबून बाजूला सारते. ड्रिल खाली रेटण्यास जो जोर लागतो त्याच्या निम्म्याच्या आसपास ह्या मधल्या आडव्या धारेवर खर्च होतो. ॲल्युमिनिअमची चिकटण्याची खोड कमी वेगात अधिक आणि जास्त वेगात कमी असते. तेव्हा आपण ड्रिल कितीही वेगाने फिरवले तरी मध्याशी वेग कमीच राहतो आणि तेथे धातू चिकटतोच. कोरड्या कामात ड्रिल लवकर निकामी होते त्याचे मूळ बहुधा येथे, टोकाशी असते; आणि नवखा माणूस पाहतो ते मात्र बाहेरच्या कडा.

ह्यावर उपाय ड्रिलच्या घाटातच शोधावे लागतात. सर्वसाधारण ड्रिलच्या टोकाचा कोन ११८ अंश असतो. ॲल्युमिनिअमसाठी तो १३० ते १४० अंशांपर्यंत नेतात. मधली आडवी धार घासून आखूड करतात. पीळ नेहमीच्या ३० अंशांऐवजी ३५ ते ४५ अंशांचा, आणि खाचा रुंद व चकचकीत. चकाकी शोभेसाठी नसते. खडबडीत खाचेत चिप अडते, अडलेली चिप तापते, तापलेली चिकटते, आणि पाठोपाठ येणाऱ्या चिपांना वाट उरत नाही. मग ड्रिल भोकातच जाम होते आणि कडकन मोडते. शुद्ध, मऊ ॲल्युमिनिअममध्ये हे फार. उलट विमानाचे कठीण केलेले मिश्रधातू, तांबे घातलेला २०२४ किंवा जस्त घातलेला ७०७५, ह्या बाबतीत बरेच समजूतदार. त्यांच्या चिपा त्या मानाने लवकर तुटतात. जितका धातू मऊ तितके काम सोपे, हा समज येथे उलटा होतो.

ह्या कठीण होण्याची एक गोष्ट जाता जाता सांगण्याजोगी आहे. आल्फ्रेड विल्म ह्या जर्मन धातुशास्त्रज्ञाला १९०६ साली असे आढळले की, त्याने तापवून पाण्यात विझविलेला तांबे-मिश्रित ॲल्युमिनिअम काही दिवस नुसता पडून राहिला तरी आपोआप कठीण होतो. ड्युरालुमिन ते हेच. ह्याच गुणामुळे विमानाचे काही रिव्हेट तापवून विझविल्यावर चक्क शीतकपाटात ठेवावे लागतात. बाहेर राहिले तर ठोकण्याआधीच कडक होऊन बसतात. श्रीखंडाच्या भांड्याची आणि रिव्हेटांच्या डब्याची काळजी अशी सारखीच.

ओतीव ॲल्युमिनिअमची तऱ्हा मात्र वेगळी. मोटारींच्या एंजिनांचे सुटे भाग ज्यातून ओततात त्यात सिलिकॉन असते, नेहमीच्या प्रकारात सात टक्क्यांच्या आसपास आणि काही खास प्रकारांत सतरापर्यंत. सिलिकॉनचे कण वाळूच्या खड्यांसारखे धार खरवडतात. तेथे हायस्पीड स्टीलचा निभाव लागत नाही. टंगस्टन कार्बाइड, आणि सिलिकॉन फारच असल्यास हिऱ्याची धार लागते. येथे मुलाम्यांबद्दल एक सावधगिरीची सूचना. ड्रिलवर सोनेरी अथवा जांभळट मुलामा दिसला की ते उत्तम, अशी पुष्कळांची समजूत असते. पोलादासाठी ती खरी आहे. परंतु ज्या मुलाम्यात टायटेनिअमबरोबर ॲल्युमिनिअमच असते, त्याला ॲल्युमिनिअम चिकटू पाहतो. सोयऱ्याने सोयरा ओळखावा तसा. कोरड्या कामात हिऱ्याचे किंवा हिऱ्यासारख्या कार्बनचे आवरण उपयोगी पडते, कारण त्यावर ॲल्युमिनिअमचा पाय टिकत नाही. ते नसेल तर मुलामा नसलेले, धारदार, चकचकीत कार्बाइड पत्करले.

आता उष्णता. ॲल्युमिनिअम उष्णता चटकन पसरवतो, म्हणून धार वाचते खरी, पण ती उष्णता जाते कोठे? पत्र्यातच. आणि हा धातू पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो. हिशेब अगदी सोपा आहे. दहा मिलिमीटरचे भोक पाडताना धातू भोवतालच्या हवेपेक्षा शंभर अंशांनी तापला, तर भोक निवल्यावर सुमारे २३ मायक्रॉनांनी आकसते. त्या मापाच्या भोकाला मध्यम काटेकोर कामात, म्हणजे एच आठ ह्या प्रतीत, मुभा असते ती एकंदर २२ मायक्रॉनांची. म्हणजे कामगाराची काही चूक नसता, ड्रिलचे माप अचूक असता, केवळ उष्णतेने सगळी मुभा खाऊन टाकली! दुसरीकडे ड्रिलच्या कडांना चिकटलेला धातू भोक मोठे करतो. कोरड्या भोकाचे माप म्हणूनच एकदा ह्या बाजूला तर एकदा त्या बाजूला ढळत असते, आणि सकाळचे पहिले भोक मापात आले म्हणून दुपारचे येईल असा भरवसा नसतो. तपासणाऱ्याने गेज घालण्याची घाई करू नये, पत्रा निवू द्यावा. ओळीने शेजारी शेजारी भोके न पाडता मध्ये अंतर सोडून पाडीत जावे. पत्रे सरकू नयेत म्हणून तसे करतातच, त्यात हाही लाभ आहे.

खोलीची मर्यादाही पाळली पाहिजे. व्यासाच्या तिपटीपलीकडे कोरडे भोक एका दमात पाडू नये. थोडे जावे, बाहेर यावे, चिप झटकावी, पुन्हा जावे. आणि पुढे रेटताना भीड बाळगू नये. ड्रिलला हळूहळू, जपून दाबणारा मनुष्य त्याची काळजी घेतो असे दिसते. वस्तुत: तो धार कापण्याऐवजी घासवत असतो, आणि घासणे म्हणजे उष्णता, उष्णता म्हणजे चिकटणे. सहा मिलिमीटरचे हायस्पीड स्टीलचे ड्रिल ७५ मीटरच्या वेगाने चालवावयाचे तर मिनिटाला चार हजारांच्या आसपास फेरे येतात. त्या गतीत प्रत्येक फेऱ्याला मिलिमीटरचा दहावा ते सातवा भाग पुढे गेलेच पाहिजे.

फक्त शेवटच्या क्षणी हात आवरावा. पत्र्याच्या पलीकडल्या अंगाला अगदी पातळ पापुद्रा उरतो. तो कापला जाण्याऐवजी वाकतो आणि फाटतो, आणि भोकाच्या ओठावर धारदार कंगोरा उभा राहतो. हाच बर. ड्रिल बोथट झाले, जोर वाढला, की बर वाढतो. इतका नेमाने वाढतो की बर हीच ड्रिलच्या वयाची जन्मपत्रिका समजावी. ॲल्युमिनिअम पोलादापेक्षा तिपटीने लवचिक, म्हणून पातळ पत्रा जोराखाली अधिकच वाकतो. दोन पत्र्यांच्या मध्ये बर आला तर पत्रे एकमेकांना टेकत नाहीत. मग सगळी जोडणी उकलून, पत्रे सुटे करून, प्रत्येक भोकाचा बर काढून, पुसून, सीलंट लावून पुन्हा जुळवणी करावयाची. विमानाच्या कारखान्यात दिवसच्या दिवस ह्या कामात जातात. पत्रे घट्ट आवळून धरले, पाठीमागे आधार दिला आणि ड्रिल वेळेवर बदलले, तर ह्यातील बराच त्रास वाचतो.

एवढ्या मायक्रॉनांची आणि कंगोऱ्यांची चिंता कशासाठी, असे वाटेल. ताणलेल्या पत्र्याला गोल भोक असले की भोकाच्या कडेवरचा ताण तिप्पट होतो, हे किर्श यांनी १८९८ साली गणिताने दाखविले. भोक उत्तम असेल तर तिप्पट. त्यात ओरखडा, फाटलेली भिंत किंवा बर असेल तर त्याहून अधिक, आणि तडा नेमका तेथून निघतो. विमान वर जाते तेव्हा पोटातील हवेच्या दाबाने फुगते, उतरते तेव्हा निवते. प्रत्येक उड्डाणाला एकदा. १९५४ साली कॉमेट जातीची दोन विमाने भूमध्य समुद्रावर फुटली. फार्नबरो येथे एका कॉमेटचे धड पाण्याच्या टाकीत ठेवून पुन: पुन्हा दाब दिला, तेव्हा धातू थकून फुटतो हे सिद्ध झाले, आणि एल्बा बेटाजवळ समुद्रातून काढलेल्या अवशेषांत छतावरील खिडकीच्या कोपऱ्याजवळचे एक भोक तड्याचे उगमस्थान ठरले. पुढे २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर, ८९ हजारांहून अधिक उड्डाणे केलेल्या एका बोइंग ७३७ चे छत आकाशातच उडून गेले. रिव्हेटांच्या एका ओळीतील भोकाभोकांतून निघालेले तडे एकमेकांस मिळाले होते. त्या अपघातांची कारणे अनेक होती. आराखडा, सांध्याचा चिकटवा, गंज, तपासणी. सारा दोष भोके पाडणाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण तडा निघाला तो भोकातून, एवढे खरे.

आणि येथेच ह्या कामातील खरी परीक्षा आहे. लाकडाचे भोक भुशाने बुजविता येते, भिंतीचे चुन्याने. विमानाच्या पत्र्याचे भोक बुजविता येत नाही. बिघडले तर इंचाच्या चौसष्टाव्या भागाने मोठे करून मोठा रिव्हेट घालण्याची परवानगी मागावयाची. ती मिळेलच असे नाही, कारण भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत निदान दोन व्यासांचे अंतर उरले पाहिजे. रिव्हेट एकदा ठोकला की खालचे भोक कसे होते हे कोणालाच दिसत नाही, ना तपासनिसाला, ना वैमानिकाला, ना प्रवाशाला. ते ठाऊक असते एकट्या पाडणाऱ्याला. ड्रिलचा आवाज बदलला, चिप नेहमीच्या वळणाऐवजी चुरगळून आली, हाताला जोर जास्त लागला, हे त्यालाच प्रथम कळते. म्हणून अमुक इतक्या भोकांनंतर ड्रिल बदलावे असा आकडा ठरवून देतात, तो योग्यच आहे; परंतु कोरड्या कामात झीज एकसारखी होत नाही. खोटी धार केव्हा तुटेल आणि बरोबर काय घेऊन जाईल ह्याचा नेम नसतो. आकडा पुरा होण्याआधी ज्याने आपण होऊन ड्रिल बदलले, त्याला भांडाराच्या खिडकीवर जाब विचारणारी व्यवस्था आमच्या मते घातक आहे. एका ड्रिलची किंमत ती काय, आणि ते वाचविण्याच्या नादात दडपले जाणारे भोक कोणाच्या डोक्यावरून उडणार आहे!

आता बोइंग ७८७ सारख्या विमानांत वजनाने निम्मा भाग कार्बनतंतूंचा असतो, आपल्या तेजसमध्येही त्याचे प्रमाण मोठे आहे. तरी ॲल्युमिनिअम गेलेला नाही. उलट कार्बन आणि ॲल्युमिनिअमचे थर एकत्र आले की एकच ड्रिल वर कठीण तंतूंनी बोथट होते आणि त्याच बोथट धारेने खाली चिकट धातू कापते. दुखणे दुप्पट झाले. अगदी कोरडे आणि अगदी ओले यांच्या मधला एक मार्गही रुळला आहे. ड्रिलच्या पोटातून हवेबरोबर तेलाचा नाममात्र तुषार सोडतात. तासाला दहा ते शंभर मिलिलिटर, म्हणजे चहाच्या एका कपाहून कमी. जेथे तेही नको तेथे मेणासारख्या वडीवर ड्रिल टेकवून घेतात. लाटण्याला पिठी लावण्याचाच हा प्रकार.

भाषणापूर्वी एका सभासदांनी विचारले की, घरच्या खिडकीच्या ॲल्युमिनिअमच्या चौकटीला डासांची जाळी बसवावयाची आहे, त्यासाठी काही सांगा. अवश्य. ड्रिल नवे घ्या, सिमेंटच्या भिंतीला वापरलेले नको. जागेवर सेंटर पंचाने खूण करा, नाहीतर टोक घसरून चौकटीवर ओरखडा उठेल. मागे लाकडाचा तुकडा धरा. देवघरातील मेणबत्ती ड्रिलच्या टोकावर एकदा फिरवा. यंत्र पुरत्या वेगाने चालवा, दाब ठाम ठेवा, पार होताना हात हलका करा. दोनतीन भोकांनंतर थांबून धारेकडे पाहा; चंदेरी गोळा चिकटलेला दिसला तर पितळेच्या तुकड्याने खरवडून काढा, बोटाने नव्हे, ते तापलेले असते. बर काढण्यासाठी दुप्पट मापाचे ड्रिल हाताने दोन वेढे फिरविले की पुरे. आणि चिपा लागलीच झाडून घ्या. घरात मुले अनवाणी हिंडतात.